नंबर नसलेली निळी गाडी

भिगवण रस्त्यावरच्या चौकात सायकलवरून उतरून, एक पाय जमिनीला टेकवून, आधी उजवीकडे, मग डावीकडे आणि पुन्हा उजवीकडे पाहणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. त्या चौकात तेव्हा सिग्नल नव्हता, पोलीसही क्वचितच असे. उसाचे ट्रॅक्टर, टमटम, बैलगाड्या, सगळे आपापल्या अंदाजाने घुसत. सर मात्र रस्ता पूर्ण मोकळा होईपर्यंत उभे राहत, आणि बारामतीतला रस्ता पूर्ण मोकळा कधीच होत नसल्यामुळे पुष्कळदा दहा-दहा मिनिटं उभे राहत. मागून एखादा ट्रॅक्टरवाला ओरडे, "ओ मास्तर, मुहूर्त बघताय व्हय?" सर वळून शांतपणे सांगत, "तुम्ही जा. तुम्ही नियम मोडताय, पण तुम्ही जा."

तुम्ही दोघा नातवंडांनी त्यांना पाहिलेलं नाही. मागच्या आठवड्यात तुम्ही फोनवर सांगितलंत की नवी गाडी घ्यायला गेलात आणि दुपारच्या जेवणाआधी तिचे कागद, नंबर, सगळं हातात आलं. मी "छान" म्हणाले, आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ तिथेच बसून राहिले. म्हणून हे लिहिते आहे. सरांचं नाव मात्र लिहिणार नाही. त्यांचे नातलग अजून निमगावात आहेत आणि मी त्यांना विचारलेलं नाही.

सर माझे भाडेकरू होते. तुमचे आजोबा गेल्यावर मागच्या दोन खोल्या मी भाड्याने देऊ लागले. मी तेव्हा मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. नव्वदच्या दशकाची सुरुवातीची वर्षं होती. एके दिवशी फाटकापाशी एक उंच, सावळे, साठीकडे झुकलेले गृहस्थ येऊन उभे राहिले. अर्ध्या बाह्यांचा सफारी, गुडघ्यापर्यंत ओढलेले पांढरे मोजे, डोक्यावर कापडी हॅट. फाटक उघडंच होतं, पण ते आत आले नाहीत. तिथूनच म्हणाले, "खोली पाहायची आहे. मी निमगाव केतकीचा. आम्ही बौद्ध आहोत. आधी सांगितलेलं बरं, म्हणजे नंतर कुणाचा गोंधळ नको."

मी म्हटलं, "नळाला पाणी सकाळी सहाला येतं आणि सातला जातं."

"मग ठीक आहे," ते म्हणाले आणि आत आले. शेजारच्या काकू त्यानंतर महिनाभर माझ्याशी जेवढ्यास तेवढंच बोलत.

सर सतरा वर्षं झांबियात गणित शिकवत होते. आफ्रिकेतला तो देश नेमका कुठे आहे हे पाहायला मलाही नकाशा काढावा लागला. गल्लीतले लोक त्यांना 'आफ्रिकेचे मास्तर' म्हणत. लग्न केलेलं नव्हतं. दर रविवारी ते मक्याच्या पांढऱ्या पिठाचा घट्ट गोळा शिजवत आणि पालेभाजीबरोबर खात. दूधवाल्याने एकदा दारातून डोकावून पाहिलं.

"सर, ह्यो तर आमच्या म्हशीचा भरडा हाय."

"म्हैस शहाणी आहे," सर म्हणाले आणि त्याला एक घास दिला. त्याने तो खाल्ला की रुमालात बांधून नेला, ते मला दिसलं नाही.

संध्याकाळी दहा-बारा मुली त्यांच्याकडे गणिताला येत. त्यांचं एक वाक्य साऱ्या गल्लीला पाठ झालं होतं: "पद्धत चुकली की उत्तर बरोबर आलं तरी शून्य." एका मुलीची आई भांडायला आली. "अवो सर, उत्तर आलंय न्हवं? मग?" सर म्हणाले, "आलंय. पण वाट चुकून आलंय. उद्या दुसऱ्या गणिताला येणार नाही." मला ते फार पटलं. मी स्वतः तशीच. माझ्या कपाटात प्रत्येक फाईलला चिठ्ठी चिकटवलेली असे, हे तुमची आई तुम्हाला हसत हसत सांगते. आम्हा दोघांचं जमलं ते यामुळेच, आणि जे झालं तेही यामुळेच.

गाडी त्यांच्या मागून चार महिन्यांनी आली, समुद्रातून. परदेशात काही वर्षं नोकरी करून कायमचं परत येणाऱ्या माणसाला तेव्हा स्वतः वापरलेली एक मोटार बरोबर आणता येई. अट अशी की ती परत येण्याआधी वर्षभर तरी त्याच्या नावावर असली पाहिजे, आणि आणल्यावर काही वर्षं ती विकायची नाही. कस्टमची ड्युटी इतकी जबर होती की शहाणी माणसं गाडी तिकडेच विकून येत. सरांनी आणली. मळकट पांढऱ्या रंगाची, जपानी बनावटीची, चार दारांची. तात्पुरत्या नंबरावर ती मुंबईहून चालवत आणता आली असती. सरांनी ती ट्रकवर चढवून, दोरांनी बांधून आणली.

मी विचारलं, "चालवत का नाही आणलीत?"

"तात्पुरतं पुष्कळ झालं, बाई. सतरा वर्षं दर दोन वर्षांनी माझ्या पासपोर्टवर तात्पुरत्याचा शिक्का पडत होता. हिचा एकदाच, कायमचा नंबर घ्यायचा. मग चालवायची."

तोवर गाडी आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहिली. तिची बॅटरी उतरू नये म्हणून सर रोज सकाळी दहा मिनिटं इंजिन चालू करून बसत. हे कसं चालतं, असं मी विचारलं. ते म्हणाले, शेडमध्ये चालू केलं तर ते यंत्र, विहिरीवरच्या मोटरीसारखं. रस्त्यावर चालू केलं तर वाहन. वाहनाला नंबर लागतो, यंत्राला लागत नाही.

गाडी आणली कशासाठी, हे त्यांची आई पहिल्यांदा आली तेव्हा कळलं. म्हातारी ऐंशीच्या पुढची, निमगावात पुतणीजवळ राहायची. दोन महिन्यांतून एकदा एसटीने बारामतीला यायची, कधी चार दिवस राहायची, कधी त्याच संध्याकाळी परतायची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, कान मात्र तिखट. शेडमध्ये येऊन तिने गाडीवर हात फिरवला, दारं मोजली, मग पुढच्या सीटवर चढून बसली.

"बाई, ह्यानं मला पत्रात लिव्हलं व्हतं," ती मला म्हणाली. "आये, तुला फुडच्या शिटावर बशिवतो आन् निमगावच्या बाजारात नेतो. मी म्हनलं, न्हाय उतरायची बघ. शिटावरच बसनार. बांगड्यावाला हितं यील, भाजीवाली हितं यील. साठ वर्सं खालमानेनं बाजार केलाय, एकडाव बसून करीन. येवढंच."

"एवढंच, आये," सर म्हणाले. "नंबर आला की."

"कवा यील?"

"महिना-दीड महिना."

"मग हाय मी," म्हातारी म्हणाली. ते तिने वचन दिल्यासारखं म्हटलं.

नंबर मिळवण्याचे कागद मी जुळवून दिले. झांबियातली नोंदणी रद्द केल्याचा दाखला, बोटीची पावती, कस्टमने दिलेलं मूळ बिल ऑफ एन्ट्री, विम्याचा कागद, नोंदणीच्या अर्जाचा नमुना वीस, सगळ्यांच्या तीन तीन प्रती. आरटीओचा कॅम्प महिन्यातून एकदा बारामतीच्या मैदानावर भरत असे. तिथे इन्स्पेक्टर गाडी तपासणार, गाडीच्या पत्र्यावर कंपनीने ठोकलेल्या चासी नंबरावर कागद ठेवून वरून पेन्सिल घासून त्याचा छाप घेणार, आणि मग पुढचं जिल्ह्याच्या कार्यालयात होणार. फाईल तयार झाली तेव्हा तिच्यात काही कमी नव्हतं. मी दोनदा तपासली होती.

मग मी शेडमध्ये जाऊन गाडीकडे पाहिलं. बोटीवरच्या खाऱ्या हवेने तिला जागोजागी गंज धरला होता. दारांच्या खाली, बॉनेटच्या आत, चाकांच्या वर. मी म्हटलं, "सर, तपासणीला असं नेऊ नका. नीट करून घ्या. गंजाचा एक ठिपका राहता कामा नये." मुलींना परीक्षेला जाताना वेणी नीट घाला म्हणून सांगत असे, त्याच आवाजात मी हे सांगितलं.

सर म्हणाले, "बरोबर आहे."

म्हातारी त्या दिवशी इथेच होती. ती म्हणाली, "रंग द्यायचाच तर निळा दे, बाळा. आपला."

रंगाचं काम भिगवण रस्त्यावरच्या एका पेंटरला दिलं. भला माणूस. दुकानांच्या पाट्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवायचा. त्याने आठ दिवस शेडमध्येच काम केलं. गाडी अशी निळी झाली की गल्लीतल्या बायका तिच्यात तोंड पाहून जात. रंग बदलला तर कागदावरचा रंगही बदलून घ्यावा लागेल, हे माझ्या लक्षात होतं. त्यासाठी मी एक अर्ज आधीच लिहून फाईलला लावला होता. तेवढ्याचंच मला समाधान होतं.

कॅम्पच्या दिवशी गाडी मैदानापर्यंत न्यायची कशी, हा प्रश्न सरांनी आपल्या पद्धतीने सोडवला. मार्केट यार्डातले चार हमाल बोलावले. सर हॅट घालून स्टिअरिंगवर बसले, इंजिन बंद, आणि हमालांनी गाडी ढकलायला सुरुवात केली. इंजिन बंद असेल तर ते वाहन होत नाही, ओझं होतं, असं त्यांनी मला समजावलं. मी फाईल आणि छत्री घेऊन मागून चालत होते. सारी बारामती दुकानांच्या पायऱ्यांवर आली.

"सर, पेट्रोल संपलं का?"

"संपलं नाही. परवानगी नाही."

"आवो, मग बैल जुपायचं की!"

एक हमाल वाकून खिडकीतून म्हणाला, "सर, गुळाच्या ढेपा परवडल्या. त्या निदान चौकात थांबत न्हाईत." कारण चौक आला तसा सरांनी ब्रेक दाबला होता, आणि ते आधी उजवीकडे पाहत होते. मी हसले. त्या दिवसातलं तेवढंच हसू मला आठवतं.

इन्स्पेक्टर तरुण होता, बोलायला अदबशीर. माझी फाईल उघडून म्हणाला, "असे कागद वर्षातून एकदा बघायला मिळतात." मग त्याने बॉनेट उघडलं, खिशातून पेन्सिल काढली आणि इंजिनामागच्या पत्र्याशी वाकला. बराच वेळ वाकून होता.

"सर, नंबर कुठंय?"

"तिथेच आहे. मधोमध."

"दिसत नाही."

"रंगाखाली असेल."

त्याने किल्लीच्या टोकाने रंग खरवडला. खाली पुट्टी निघाली. पुट्टीखाली पत्रा चकचकीत होता, आणि त्या चकचकाटात दोन अर्धवट आकडे. बाकी काही नव्हतं. बाजूची कंपनीची धातूची पाटी होती, पण तिचे स्क्रू नवे होते.

गर्दीत पेंटर उभा होता. आपलं काम कसं दिसतं ते पाहायला आला होता. इन्स्पेक्टरने विचारायच्या आधीच तो पुढे झाला.

"मी घासलं, सायेब. तिथं लय गंज व्हता. पाटीबी काढून, साफ करून, नव्या स्क्रूनं बशिवली. बाई म्हनल्या व्हत्या, ठिपका ऱ्हायला न पायजे. मी म्हनलं, बाईंचं काम हाय, कसर नगो."

इन्स्पेक्टरने पेन्सिल खिशात ठेवली.

"सर, तुम्ही कसे माणूस आहात ते मला दिसतंय," तो म्हणाला. "पण चोरीच्या गाडीचा नंबर असाच घासलेला असतो. मी आता सही केली तर उद्या मला विचारतील. विचारलंच पाहिजे."

सर गाडीतून उतरले होते. हॅट हातात होती. ते म्हणाले, "तुमचं बरोबर आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पेंटरकडेही नाही. हमालांना म्हणाले, "चला, परत."

त्यानंतर जे सुरू झालं ते जवळजवळ दोन वर्षं चाललं. नंबर पुन्हा ठोकायला परवानगी लागते. परवानगी देण्याआधी गाडी हीच ती, हे ठरायला लागतं. त्यासाठी पोलिसांत जबाब, पत्रा तपासून त्यावरचा पुसलेला नंबर वाचणाऱ्या प्रयोगशाळेचा अहवाल, कस्टमचा खुलासा, कंपनीचं पत्र. झांबियातल्या ज्या दुकानदाराने गाडी विकली होती त्याचं दुकान बंद झालं होतं. त्याला लिहिलेलं पत्र तीन महिन्यांनी न उघडता परत आलं. सगळे अर्ज मीच लिहीत होते, इंग्रजीतून, कार्बन घालून. ते माझं प्रायश्चित्त होतं असं म्हणायला मला आवडेल, पण खरं सांगायचं तर मला ते करायला येत होतं म्हणून मी ते करत होते. प्रत्येक अर्जात मी एक वाक्य घालत असे: अर्जदाराने सदर वाहन आजपर्यंत एकदाही सार्वजनिक रस्त्यावर चालवलेले नाही. आमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा तोच होता, आणि तो मला सुचला याचा मला अभिमान होता. उत्तरं येत: प्रकरण विचाराधीन आहे.

माझ्यामुळे झालं, असं मी सरांना त्या काळात एकदाही म्हणाले नाही. म्हणायला गेले की ते विचारत, "कस्टमच्या पत्राला स्मरणपत्र पाठवायची तारीख कधी आहे?" आणि मी वही उघडत असे.

म्हातारी येत राहिली. प्रत्येक वेळी एसटीच्या पायऱ्या चढणं तिला अवघड होत गेलं. आली की आधी शेडमध्ये जायची, पुढच्या सीटवर बसायची. सर शेजारी बसत, काचा खाली करत, इंजिन चालू करत, आणि गाडी जागेवर उभी असतानाच दोघं निघत. मला स्वयंपाकघरातून ऐकू येई.

"आये, कन्हेरी आली."

"ऊस कसा हाय?"

"बरा आहे."

"पानी दिलं का न्हाय मेल्यांनी?"

"दिलंय."

थोडा वेळ नुसतं इंजिन. मग, "सणसर."

"हळू घे. हितं कुत्री लय."

"अंथुर्णे. आता शेळगाव फाटा. हे आलं निमगाव. बाजार भरलाय."

"थांब, थांब. बांगड्यावाल्याच्या म्होरं हुबी कर. उतरू नगंस तू. त्येला हितं बोलव." आणि मग ती खिडकीतून, शेडच्या पत्र्याकडे तोंड करून, भाव करायची. "डझनाला येवढं? तुज्या बापानं कदी घेतलं व्हतं? हिरव्या दाव. ह्या नगं, ह्या फुटक्या." सर तितक्याच गंभीरपणे बांगड्यावाल्याचं बोलत. भाव जुळला की ती मागे टेकून बसायची. इंजिन बंद व्हायचं. उतरून ती शेडमध्येच उभी असायची.

"लय लवकर आलो रं, बाळा," ती म्हणायची.

पहिल्या एक-दोन वेळा मला गंमत वाटली. नंतर त्यांची फेरी सुरू झाली की मी नळ सोडून भांडी घासायला घेई.

एकदा ती चिडली. भर दुपारी शेडमधून तिचा आवाज चढला. "हान की रं भाईर! कोन बघतंय? दोन वर्सं जाग्यावरच हानतोयस!"

"नंबर नाही, आये."

"तुज्या गाडीच्या आदी माजा नंबर लागायचा, बघ."

"आये, पद्धत..."

"तुजी पद्दत घाल चुलीत! त्या यष्टीवाल्याला माजी कीव येती, हात धरून चढवतोय मला. पोटच्या पोराला येत न्हाय." ती उतरली, काठी टेकत फाटकाबाहेर गेली. सर मागून गेले, तिला स्टँडवर बसवून परत आले आणि मुलींना घनमूळ शिकवायला बसले. त्या दिवशी फळ्यावर त्यांच्याकडून एक आकडा चुकला. मुलींनी तो दाखवला नाही.

त्यानंतर ती आली नाही. पाय सुजले होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन करायला डॉक्टर नको म्हणाले, हृदय तेवढं सोसणार नाही म्हणून. सर रविवारी एसटीने निमगावला जाऊन येत. आम्ही स्मरणपत्रांची संख्या वाढवली. प्रयोगशाळेचा अहवाल आला, तो आमच्या बाजूचा होता. आता फक्त शेवटची परवानगी राहिली होती. मी सरांना म्हटलं, "महिना-दीड महिना." मग आठवलं की हेच शब्द त्यांनी आईला सांगितले होते.

शाळेला सुट्टी होती. दुपारी दोनच्या सुमाराला फोन वाजला. निमगावच्या बूथवरून सरांची चुलत बहीण बोलत होती, म्हणजे म्हातारीला सांभाळायची तीच. "बाई, सरांना सांगा, आयचं काय खरं न्हाय. सारखी इचारतीया. लगीच या म्हनावं."

मी मागे जाऊन सांगितलं. सरांनी हातातला कागद खाली ठेवला, हॅट घेतली, आणि फाटकाकडे न जाता शेडकडे गेले. शेडची दोन्ही दारं त्यांनी सताड उघडली. गाडीत बसले. इंजिन चालू झालं. गाडी हळूच पुढे आली आणि जिथे आमची फरशी संपते व रस्ता सुरू होतो, तिथे थांबली. पुढची चाकं फरशीवरच होती. मी बाजूला उभी होते. त्यांनी काच खाली केली.

"बाई, काढू?"

त्यांचा चेहरा मी तोवर तसा कधी पाहिला नव्हता. शाळेत पहिल्या दिवशी आलेल्या मुलाचा असतो तसा तो दिसत होता. मी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. खरंच पाहिलं.

"सर, अडीचची इंदापूर एसटी आहे," मी म्हणाले. "रिक्षाने स्टँडवर पोचाल. रस्त्यात पोलिसांनी अडवलं तर तिथेच दोन तास जातील, आणि दोन वर्षांचं सगळं वाया जाईल."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. पण ते बोलताना माझ्या डोक्यात म्हातारी नव्हती. माझं ते वाक्य होतं, अर्जदाराने सदर वाहन एकदाही सार्वजनिक रस्त्यावर चालवलेले नाही. तेवीस अर्जांत मी ते लिहिलं होतं. ते खोटं पडू नये, असं मला वाटलं.

सरांनी इंजिन बंद केलं. गाडीतून उतरले, दार हलकेच लावलं आणि चालत गेले.

अडीचची एसटी तीनला सुटली. लासुर्ण्याच्या अलीकडे कारखान्याकडे चाललेल्या उसाच्या ट्रॉल्या आडव्या आल्या, तिथे आणखी वेळ गेला. मोटारीने निमगाव पाऊण तासाचं. सर साडेचारनंतर पोचले. म्हातारी चार वाजता गेली होती.

पुढचं त्यांनी मला एकदाच सांगितलं, दहा-बारा दिवसांनी परत आल्यावर, उभ्या उभ्या. फोन करून बहीण घरी गेली तेव्हा म्हातारीने विचारलं, "निघाला का?" ती म्हणाली, निघाला. "कशानं यतोय?" म्हातारीला बरं वाटावं म्हणून ती म्हणाली, "गाडी घिऊन यतोय, आये." मग म्हातारीने पेटीतलं चांगलं लुगडं काढायला लावलं. नेसवून घेतलं. केस विंचरून घेतले. बाज उचलून दारात ठेवायला सांगितली, म्हणजे चढायला सोपं. रस्त्यावरून काही गेलं की मान वळवायची. दिसत नव्हतंच. आवाज ऐकून सांगायची, ही फटफटी, हा टेंपो, ही न्हवं.

परवानगीचं पत्र तीन आठवड्यांनी आलं. नंबर पुन्हा ठोकून घ्यावा आणि वाहन नोंदणीसाठी हजर करावं, असं त्यात होतं. मी ते सरांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "फाईलला लावा." मी लावलं. मैदानावर पुढचा कॅम्प भरला, त्याच्या पुढचाही भरला. सरांनी सकाळचं इंजिन चालू करणं सोडून दिलं होतं. पावसाळ्यात शेडचा पत्रा गळे आणि निळ्या बॉनेटवर पाण्याचे डाग पडत. टायर बसले. मुलींचा वर्ग चालू होता, पण उत्तर बरोबर आलं की सर आता बरोबरची खूण करत आणि वही परत देत. कसं काढलं ते विचारत नसत.

वर्षभराने त्यांनी खोली सोडली. निमगावात आईच्या घरी राहायला चालले होते. गाडीबद्दल मी विचारलं तर म्हणाले, तुमची जागा अडते आहे, भंगारवाल्याला तोडून न्यायला सांगितलंय, तोडलेल्याला विक्री म्हणत नाहीत, मी नियम पाहिला आहे. सामान म्हणजे एक ट्रंक, सायकल आणि मक्याच्या पिठाचा डबा. टेंपो फाटकाशी उभा होता. तेव्हा मला वाटलं, आत्ता बोलले नाही तर राहून जाईल.

"सर, त्या दिवशी मी 'काढा' म्हणायला हवं होतं."

सर सायकलचं हँडल धरून उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, गंज काढा म्हटल्याच्या दिवसापासून पहिल्यांदाच इतकं सरळ.

"नाही, बाई," ते म्हणाले. "मी विचारायलाच नको होतं."